सुरतेतलं एक लग्न आणि पडद्यावरचा राक्षस

(बोरिस कार्लोफच्या चित्रपट-कारकिर्दीचा अभ्यास)

मंडळाच्या चित्रपट-अभ्यासवर्गात या सत्राचा विषय ‘भयपट’ असा ठरला होता. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, तिच्यात ज्याचं नाव येईल त्याचे निदान चार चित्रपट बघायचे आणि वर्गात त्यावर बोलायचं. माझ्या चिठ्ठीत बोरिस कार्लोफ आला. मला वाटलं, कोणी रशियन नट असणार. फोटो शोधला तेव्हा लक्षात आलं की हा चेहरा तर मी लहानपणापासून बघत आलेय. सपाट डोकं, कपाळावर टाका, मानेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खिळे. वह्यांच्या कव्हरवर, टी-शर्टवर, कार्टूनमध्ये दिसणारा ‘फ्रँकेन्स्टाइन’.

पुढे वाचत गेले तेव्हा पहिला धक्का बसला. कार्लोफ रशियन नव्हता. त्याचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट. दुसरा धक्का त्याहून मोठा होता. त्याच्या आईवडिलांचं लग्न ७ ऑक्टोबर १८६४ रोजी सुरतेत लागलं होतं.

हे वाचून मी फोन खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. त्याला एक कारण आहे. ते लेखाच्या शेवटी सांगते. आधी अभ्यास.

नगर, डीसा, सुरत

कार्लोफची गोष्ट आपल्या अहमदनगरपासून सुरू होते. तिथल्या लष्करी छावणीत टॉमस एडवर्ड्स नावाचा एक सारजंट होता. हुद्दा साधा, मूळ व्यवसाय सुतारकामाचा. त्याची बायको मेरी ॲन ग्लॅसकॉट ही मुंबई इलाख्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याची मुलगी. तिची आई बहुधा भारतीय किंवा अँग्लो-इंडियन असावी, असं अभ्यासक मानतात. त्या काळी इथे इंग्रज बायका फारच थोड्या होत्या आणि अधिकाऱ्यांचे संसार बरेचदा इथल्या स्त्रियांशीच थाटलेले असायचे. अशा घरातल्या आजीचं नाव कागदावर क्वचितच येई. इथेही आलेलं नाही.

एडवर्ड्स दांपत्याला दोन मुली. थोरली एलायझा ज्युलिया, धाकटी ॲना. ॲनाचा जन्म १८३१ चा, नगरचा. तिच्या जन्माआधीच वडील वारले. हीच ॲना पुढे ॲना लिओनोवेन्स या नावाने जगाला माहीत झाली. १८६२ साली ती सयामच्या राजा मोंगकुटच्या मुलांना शिकवायला बँकॉकला गेली. तिच्या आठवणींवरून पुढे कादंबरी, संगीतिका आणि ‘द किंग अँड आय’ हा १९५६ चा चित्रपट निघाला.

पण ॲनाने आयुष्यभर जगाला सांगितलं ते वेगळंच. आपण वेल्समध्ये जन्मलो आणि आपले वडील कॅप्टन होते, असं ती सांगायची. नगर नाही, सारजंट नाही, आजी तर नाहीच नाही. १९१५ मध्ये ती कॅनडात वारली तोवर हे कोणाला कळलं नाही. ते उघडकीला आणलं डब्ल्यू. एस. ब्रिस्टो नावाच्या माणसाने, १९७० च्या दशकात. हे गृहस्थ मुळात कोळ्यांचे, म्हणजे जाळं विणणाऱ्या कोळ्यांचे, अभ्यासक! ॲनाच्या मुलाचं चरित्र लिहायला घेतलं आणि नोंदी तपासता तपासता धागा इथल्या छावण्यांपर्यंत येऊन पोचला.

आता थोरल्या बहिणीकडे येऊ. एलायझा ज्युलियाचं लग्न १८४५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, गुजरातेतल्या डीसा इथे जेम्स मिलार्ड या तोफखान्यातल्या सारजंट-मेजरशी झालं. त्यांची मुलगी एलायझा सारा. ती सोळा वर्षांची असताना सुरतेत तिचं लग्न एडवर्ड जॉन प्रॅटशी लावून देण्यात आलं. नवरा अडतीस वर्षांचा, मुंबई इलाख्याच्या मीठ-महसूल खात्यातला अधिकारी. त्याच्याही अंगात आईकडून भारतीय रक्त होतं, असं चरित्रकार मांडतात.

या जोडप्याचा सर्वांत धाकटा मुलगा विल्यम, २३ नोव्हेंबर १८८७ रोजी लंडनच्या कॅम्बरवेल भागात जन्मला. तोवर कुटुंब इंग्लंडला परतलं होतं. म्हणजे विल्यमने लहानपणी सुरत पाहिली नाही. पण सुरत, डीसा आणि नगर त्याच्या कातडीत होती. इंग्लंडमधल्या इतर मुलांपेक्षा तो सावळा होता. आई लवकर गेली, वडील दूर राहिले आणि त्याला सावत्र बहिणीने व मोठ्या भावांनी वाढवलं. बोलताना तो अडखळायचा. तोतरेपणावर पुढे त्याने बराच ताबा मिळवला, पण ‘स’ उच्चारताना जीभ किंचित घसरायची ती कायमची. ‘त्या’ आवाजाची आज लोक नक्कल करतात ती यामुळेच.

भाऊ साहेब झाले, हा पळाला

प्रॅट कुटुंबातले भाऊ सरकारी नोकरीत गेले. एडवर्ड मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाला. जॉन आणि रिचर्ड चीनमधल्या ब्रिटिश वकिलातीच्या सेवेत गेले. आणि फ्रेडरिक ग्रेव्हिल प्रॅट आयसीएस होऊन गुजरातेत आला.

हा फ्रेडरिक म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातला कमिशनर प्रॅट. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात शेतकऱ्यांनी सारा तहकूब करा म्हणून मागणी केली, तेव्हा समोर उभा होता तो उत्तर विभागाचा कमिशनर एफ. जी. प्रॅट. त्या एप्रिलमध्ये त्याने नडियादला शेतकऱ्यांना बोलावून गुजरातीतच समजावणीवजा दम भरला होता. आपण शाळेत खेडा सत्याग्रह शिकतो, त्यात गांधीजी आणि वल्लभभाई लक्षात राहतात. ज्याच्याशी ते झगडत होते त्या कमिशनरचा धाकटा भाऊ त्याच सुमारास कॅलिफोर्नियात मिळेल ते काम करून पोट भरत होता, हे कुठल्याच पुस्तकात नसतं.

विल्यमनेही अशीच नोकरी धरावी अशी घरच्यांची इच्छा होती. तो लंडनच्या किंग्ज कॉलेजात शिकत होता. पण नाटकाचं वेड डोक्यात होतं. १९०९ मध्ये त्याने शिक्षण सोडलं आणि कॅनडाला जाणारी बोट पकडली. तिथे शेतमजुरी केली, खड्डे खणले, मिळेल ती हमाली केली आणि शेवटी एका फिरत्या नाटक कंपनीत शिरला. तेव्हा त्याने नाव बदललं. प्रॅट गेला, बोरिस कार्लोफ आला.

‘कार्लोफ’ कुठून आलं? तो सांगायचा की हे आईच्या बाजूच्या घराण्यातलं जुनं आडनाव आहे. संशोधकांनी शोधलं, पण असं कोणी सापडलं नाही. आईच्या बाजूला सापडतात ते मिलार्ड, एडवर्ड्स, ग्लॅसकॉट आणि त्यांच्यामागे नाव न नोंदवलेली एक आजी. कार्लोफला यातलं किती ठाऊक होतं कोण जाणे. पण एक गोष्ट दिसते. आईकडचा धागा सांगायची वेळ आली तेव्हा या घराण्यात दोनदा नवं गाव उभं राहिलं. ॲनाने वेल्स उभं केलं, तिच्या बहिणीच्या नातवाने रशिया.

असं करणारी ही दोघंच नव्हती. मुंबईत जन्मलेली मर्ल ओबेरॉन हॉलीवूडची मोठी नायिका झाली आणि आयुष्यभर आपण टास्मानियाच्या म्हणून सांगत राहिली. त्या जगात गोरेपणा हा कामाचा परवाना होता. खोटं बोलणाऱ्याला दोष देण्याआधी तो परवाना कोण मागत होतं तेही बघायला हवं.

दहा वर्षं, ऐंशी चित्रपट, एकही आठवत नाही

१९१९ च्या सुमारास कार्लोफ मूकपटांत आला. तेव्हापासून १९३१ पर्यंत त्याने सुमारे ऐंशी चित्रपटांत कामं केली. त्या भूमिकांच्या यादीकडे नीट बघा. १९२१ च्या किप्लिंगच्या कथेवरच्या ‘विदाउट बेनिफिट ऑफ क्लर्जी’त तो अहमद खान आहे. १९२२ च्या ‘द मॅन फ्रॉम डाउनिंग स्ट्रीट’मध्ये तो चक्क महाराजा जेहान धारवार आहे. धारवाडचा महाराजा! ‘ओमर द टेंटमेकर’मध्ये इमाम. १९२७ च्या टारझनपटात आफ्रिकी टोळीचा म्होरक्या. पहिल्या बोलपटात, १९२९ च्या ‘बिहाइंड दॅट कर्टन’मध्ये, सुदानी नोकर.

यात एक सूत्र आहे. पडद्यावर जो कोणी ‘आपल्यातला नाही’, तो कार्लोफ. अरब, हिंदू, आफ्रिकी, तांबडा इंडियन. मूकपटात उच्चाराचा प्रश्न नव्हता, दिसण्याचा होता. आणि दिसणं त्याला आजीकडून मिळालं होतं. ज्या सावळेपणाबद्दल घराणं बोलत नव्हतं, त्यानेच त्याची चूल पेटत होती. तीही नीट पेटत नव्हती. मध्ये त्याने ट्रक चालवून पोट भरलं.

१९३१ मध्ये हॉवर्ड हॉक्सच्या ‘द क्रिमिनल कोड’मध्ये त्याला तुरुंगातल्या खुनी कैद्याची छोटी पण ठसठशीत भूमिका मिळाली. त्यानंतर युनिव्हर्सल स्टुडिओच्या भोजनगृहात दिग्दर्शक जेम्स व्हेलने त्याला पाहिलं आणि आपल्या टेबलाशी बोलावलं. राक्षसाच्या भूमिकेसाठी आधी बेला लुगोसीचं नाव होतं. ते जमलं नाही आणि काम कार्लोफकडे आलं. तेव्हा त्याचं वय त्रेचाळीस. नट म्हणून नाव व्हायचं ते वय बहुतेकांचं निघून गेलेलं असतं.

श्रेयनामावलीतलं प्रश्नचिन्ह

‘फ्रँकेन्स्टाइन’ २१ नोव्हेंबर १९३१ रोजी प्रदर्शित झाला. जेमतेम सत्तर मिनिटांचा चित्रपट. अभ्यास करायचा असेल तर सुरुवातीची श्रेयनामावली थांबवून बघा. सगळ्या नटांची नावं आहेत आणि ‘राक्षस’ या शब्दापुढे नाव नाही, फक्त एक प्रश्नचिन्ह आहे. नाव येतं ते चित्रपट संपल्यावर. प्रेक्षकांचं कुतूहल वाढवायची ती युक्ती होती. पण मला ते चिन्ह वेगळ्याच अर्थाने आवडलं. नाव बदललेला, मूळ झाकलेला माणूस, आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नाही. ते त्याला बनवणाऱ्याचं नाव आहे. मेरी शेलीच्या १८१८ च्या कादंबरीत त्या जीवाला नावच दिलेलं नाही. बनवणाऱ्याने त्याला बघताक्षणी टाकून दिलं, नाव ठेवायला थांबणार कोण?

कादंबरीत आणि चित्रपटात एक मोठा फरक आहे. कादंबरीतला तो जीव बोलतो, अगदी उत्तम बोलतो. एका कुटुंबाच्या शेजारी लपून, भिंतीच्या फटीतून त्यांचं बोलणं ऐकत तो भाषा शिकतो. व्हेलच्या चित्रपटात त्याला एकही शब्द नाही, नुसतं गुरगुरणं. म्हणजे नटाकडून भाषा काढून घेतली. उरलं काय? डोळे, हात आणि चाल.

रंगभूषाकार जॅक पियर्सने तो चेहरा घडवला. कापूस आणि कोलोडियन नावाच्या चिकट द्रवाचे थर देऊन कपाळ उभारलं जायचं. रोज तासन्‌तास बसावं लागे. डोळे फार जिवंत दिसतात, पापण्या जड करा, ही सूचना स्वतः कार्लोफची. गालाला खळगा पडावा म्हणून त्याने तोंडातली दातांची एका बाजूची कवळी काढून ठेवली. पायांत जाड तळव्यांचे जडशीळ बूट. एवढं सगळं अंगावर चढवल्यावर सामान्य नट नुसता उभा राहिला असता. कार्लोफने त्या ओझ्यातून माणूस बाहेर काढला.

दोन प्रसंग तुम्ही पाहाच. पहिला प्रकाशाचा. अंधारात ठेवलेल्या त्या जीवासमोर छताची झडप उघडते. उजेड खाली येतो. तो वर बघतो, उभा राहतो आणि दोन्ही हात उजेडाकडे नेतो, जणू काही तो धरता येईल. झडप बंद होते. मग तो तेच दोन्ही हात बनवणाऱ्याकडे पसरतो. दोन मिनिटांचाही प्रसंग नाही. त्यात जन्म आहे, मागणं आहे आणि नकार आहे. लगेच पुढे मदतनीस त्याला मशाल दाखवून छळतो. उजेड मागितला, आग मिळाली.

दुसरा तळ्याकाठचा. मारिया नावाची छोटी मुलगी त्याला न घाबरता फूल देते. दोघं पाण्यात फुलं सोडतात, फुलं तरंगतात. कार्लोफ तिथे हसतो, सबंध चित्रपटातलं हेच त्याचं खरं हसू. फुलं संपतात. मग तो मुलीलाच उचलून पाण्यात टाकतो, फुलासारखी तरंगेल म्हणून. ती बुडते आणि तो गोंधळून, हात झाडत पळतो. हा शेवटचा तुकडा अनेक ठिकाणी सेन्सॉरने कापला. परिणाम उलटा झाला. राक्षस मुलीकडे हात नेतो आणि लगेच बाप तिचं प्रेत घेऊन येतो, एवढंच दिसल्यावर लोकांनी त्याहून वाईट कल्पना केली. कापलेला भाग १९८० च्या दशकात परत जोडला गेला. अभ्यासकाने यातून एक धडा घ्यावा. गोष्टीतला तुकडा लपवला की उरलेली गोष्ट जास्त भयंकर दिसते. चित्रपटाला हे लागू आहे, घराण्यालाही.

शरीरानेही किंमत मोजली. नायकाला खांद्यावर घेऊन पवनचक्कीच्या टेकडीवर चढायचा प्रसंग पुन्हा पुन्हा घेतला गेला आणि कार्लोफची पाठ कायमची दुखावली. पुढे शस्त्रक्रिया झाल्या. चित्रीकरणाच्या त्या बेहिशोबी तासांचा अनुभव तो विसरला नाही. १९३३ मध्ये पडद्यावरच्या नटांची संघटना, स्क्रीन ॲक्टर्स गिल्ड, उभी राहिली तेव्हा पहिल्या थोड्या सभासदांत तो होता. त्याचा सभासद क्रमांक ९. स्टुडिओ संघटनेवर खार खाऊन असण्याच्या काळात हे धाडस होतं. एक भाऊ खेड्यात शेतकऱ्यांची मागणी नाकारत होता, दुसरा हॉलीवूडमध्ये मजुरांच्या बाजूने उभा राहिला.

भाकर, द्राक्षारस, मित्र

१९३५ मध्ये व्हेलने ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ काढला. बहुतेक समीक्षक हा पहिल्यापेक्षा सरस मानतात आणि मलाही ते पटतं. आता श्रेयनामावलीत मोठ्या अक्षरांत नुसतं ‘कार्लोफ’ आहे. प्रश्नचिन्ह या वेळी वधूच्या वाट्याला आलंय.

आपल्या कॉलेजात हा चित्रपट दाखवावा असं मला वाटतं ते एका प्रसंगासाठी. गावकऱ्यांनी हाकललेला, भाजलेला राक्षस रानातल्या एका झोपडीपाशी येतो. आत एक आंधळा साधू व्हायोलिन वाजवतोय. साधूला दिसत नाही, म्हणून तो घाबरत नाही. तो पाहुण्याला आत घेतो, जखम धुतो, जेवू घालतो. मग गुडघे टेकून देवाचे आभार मानतो की एकाकीपणात मित्र धाडलास. राक्षसाच्या डोळ्यांतून पाणी येतं. कार्लोफने इथे जे केलंय ते शब्दांत सांगणं अवघड आहे. एक खडबडीत हात म्हाताऱ्याच्या खांद्यावर थोपटतो, तेवढंच. दृश्य काळोखात विरतं तेव्हा भिंतीवरचा क्रूस सर्वांत शेवटी दिसत राहतो.

पुढे साधू त्याला शब्द शिकवतो. भाकर. द्राक्षारस. मित्र. चांगलं. चर्चमध्ये जाणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींना पहिले दोन शब्द कुठून आलेत ते सांगायला नको. ज्याला सगळ्या गावाने हाकललं त्याच्यासमोर भाकर आणि द्राक्षारस ठेवला जातो. वरून व्हेलचा टिंगलखोर विनोद आहेच, राक्षस विडीही ओढतो. पण त्या विनोदाखाली प्रश्न गंभीर आहे: शेजारी कोण? आणि दिसणारे दोन जण झोपडीत शिरतात तेव्हा त्यांना मित्र दिसत नाही, राक्षस दिसतो. घर पेटतं.

गंमत म्हणजे राक्षसाला बोलतं करण्याला कार्लोफचाच विरोध होता. मुकेपणातच त्याची ताकद आहे असं त्याचं मत. मी दोन्ही चित्रपट बघून विचार केला. पहिल्या चित्रपटापुरतं त्याचं बरोबर होतं. पण ‘मित्र’ हा शब्द त्याने जसा उच्चारलाय, तसा तोतरेपणाशी झगडलेल्या माणसालाच उच्चारता आला असता. शब्द किती महाग असतो हे त्याला माहीत होतं.

परक्यांचा मुखवटा

‘फ्रँकेन्स्टाइन’ने नाव झालं, पण साचा बदलला नाही. १९३२ मध्ये ‘द ममी’त तो हजारो वर्षांनी जागा झालेला इजिप्तचा पुजारी आहे. त्याच वर्षी ‘द मास्क ऑफ फू मांचू’त तो गोऱ्या जगाचा नाश करू पाहणारा क्रूर चिनी. हा चित्रपट आज बघवत नाही. एका अख्ख्या समाजाला हिणवणारा आहे, आणि त्या वेळीही अमेरिकेतल्या चिनी वकिलातीने निषेध केला होता. आता योगायोग बघा. त्याच काळात कार्लोफचा भाऊ जॉन लंडनच्या परराष्ट्र खात्यात चीनविषयक सल्लागार होता. एक भाऊ चीन समजावून सांगायचं काम करत होता, दुसरा चीनचा बागुलबुवा रंगवत होता. नटाला पोट असतं हे खरं. तरी या चित्रपटाचा दोष झाकू नये. ज्याला ‘परका’ म्हणून वापरलं गेलं, तोच दुसऱ्या परक्यांचा मुखवटा घालून त्यांना भयंकर करत होता. पुढे १९५० च्या दशकात भारतात घडणाऱ्या ‘द हिंदू’ नावाच्या चित्रपटातही तो फेटा बांधून सेनापती झालाय.

१९३३ मध्ये ‘द घूल’च्या चित्रीकरणासाठी तो जवळजवळ पंचवीस वर्षांनी इंग्लंडला गेला. साहेब झालेले भाऊ भेटले. नटव्या धाकट्याने घराण्याला काळिमा लावला असं त्यांना वाटत असेल, अशी त्याला धास्ती होती. वृत्तपत्रांसाठी एकत्र फोटो काढायचं त्याने भीत भीत विचारलं, तर भाऊ कोण कुठे उभं राहणार यावरून आपसात हुज्जत घालायला लागले. ही आठवण तो पुढे हसत सांगायचा. मला त्या हसण्यामागे लहान विल्यम दिसतो, ज्याला घरातल्यांनी आपलं म्हणायला पंचविशी उलटून गेली.

उरलेली वाटचाल

पुढचं थोडक्यात. बेला लुगोसीबरोबरचा ‘द ब्लॅक कॅट’ (१९३४), जॉन फोर्डचा ‘द लॉस्ट पॅट्रोल’ (१९३४), राक्षसाची तिसरी आणि शेवटची मोठी फेरी ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९३९). १९४१ मध्ये ब्रॉडवेवर ‘आर्सेनिक अँड ओल्ड लेस’ या विनोदी नाटकात त्याने अशा खुन्याचं काम केलं, ज्याला कोणी ‘तू बोरिस कार्लोफसारखा दिसतोस’ म्हटलं की राग येतो! स्वतःवर हसता येणं ही मोठी गोष्ट. मग निर्माता व्हॅल लूटनबरोबर तीन चित्रपट. त्यातला ‘द बॉडी स्नॅचर’ (१९४५) आवर्जून बघा. इथे रंगभूषा नाही, साधा गाडीवान आहे. तरी अंगावर काटा येतो.

या माणसाला मुलांचा लळा होता. १९४० पासून तो बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात अपंग मुलांसाठी नाताळबाबा होऊन जायचा. १९६६ चं ‘ग्रिंच’ हे नाताळचं कार्टून त्याच्या आवाजात आहे. नाताळाचा द्वेष करणारा हिरवा प्राणी, ज्याचं मन शेवटी वितळतं. भूमिका पुन्हा तीच, गावाबाहेरचा एकटा. पण या वेळी गाव त्याला पंगतीत बसवतं.

अखेरचा महत्त्वाचा चित्रपट ‘टार्गेट्स’ (१९६८), दिग्दर्शक पीटर बोगडानोविच. कार्लोफ त्यात जवळजवळ स्वतःच आहे, भयपटांचा म्हातारा नट. त्याला वाटतंय, आपली भीती आता जुनी झाली. कारण बाहेर एक गोरागोमटा, नीटनेटका, चांगल्या घरातला तरुण बंदूक घेऊन दिसेल त्याला मारत सुटलाय. भयंकर चेहऱ्याचा माणूस सज्जन, आणि सज्जन चेहऱ्याचा माणूस भयंकर. जवळजवळ पन्नास वर्षांच्या कारकिर्दीचं उत्तर या एका चित्रपटात आहे.

२ फेब्रुवारी १९६९ रोजी इंग्लंडमध्ये तो वारला. वय एक्याऐंशी. कायद्याने त्याने नाव कधीच बदललं नव्हतं. सरकारी कागदांवर अखेरपर्यंत सही होती विल्यम एच. प्रॅट, उर्फ बोरिस कार्लोफ.

सुरत

आता सुरुवातीला राखून ठेवलेलं. पहिल्या वर्षी मंडळाच्या पहिल्या बैठकीत सगळ्यांनी ओळख करून दिली. कोणी पुण्याचं, कोणी साताऱ्याचं, कोणी गिरगावातलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “मी जळगावची.” मी जळगावात सुट्टीत आठ-आठ दिवस राहिलेय, बस. माझा जन्म सुरतेचा, वाढले उधन्यात. वडील माग चालवतात. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती-हिंदी, शाळेत मराठी. मला वाटलं, सुरत म्हटलं की ‘मग तू गुजराती?’ हा प्रश्न येणार, मराठी मंडळात माझं मराठी पारखलं जाणार. म्हणून मी गावच बदलून टाकलं. आई फोनवर विचारायची, “तिकडं सांगितलंस ना सुरतेचं?” मी हो म्हणायचे.

माझं खोटं छोटं आहे. त्याने मला ना राजवाड्यात नोकरी मिळाली ना हॉलीवूडमध्ये काम. पण सुरत हा शब्द कार्लोफच्या चरित्रात वाचला तेव्हा चोरी पकडल्यासारखं झालं, ते यामुळे. ॲनाच्या मागे रंगाचं राज्य होतं, खरं सांगितलं असतं तर दारं बंद झाली असती. माझ्यासमोर कोण होतं? तुम्हीच होतात. आणि तुम्ही दार बंद केलं असतं असं समजून मी तुमच्यावरही अन्याय केला.

वर्गात माझं बोलणं मी “मी सुरतची” या वाक्याने सुरू केलं. मागच्या बाकावरून “मग तू गुजराती?” आलंच. सगळे हसले, मीही. मग मी पडद्यावर तो उजेडाचा प्रसंग लावला.

चित्रपट पाहताना

पुढच्या बैठकीआधी ‘फ्रँकेन्स्टाइन’ आणि ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ दोन्ही बघून या. तीन गोष्टी टिपा. कार्लोफचे हात कुठे कुठे उघडे राहतात आणि कुठे मुठी होतात? राक्षसाला न घाबरणारी माणसं किती आणि ती कोण? आणि तिसरी, चित्रपटाशी थेट संबंध नसलेली: तुमच्या घरात अशी कोणती आजी आहे जिचं नाव कोणी सांगत नाही? घरी जाऊन विचारा. उत्तर मंडळात सांगितलंच पाहिजे असं नाही. विचारलं तरी पुरे.